दोन खुणा तरी पाहिजेत

"टोपी काढू नकोस," मी उदयला म्हणाले.

"डोकं भाजतंय गं ताई. हापशावर तोंड धुतो आणि निघतो."

त्यानं मोटारसायकल शाळेच्या फाटकाला टेकवून लावली, हापशाशी गेला, टोपी काढून दांड्याला अडकवली आणि धारेखाली डोकं धरलं. आदल्या दिवशीच नदीवर आईचा दहावा झाला होता. डोक्यावर वस्तरा फिरला होता, मिशाही गेल्या होत्या. मिशांशिवाय माझा भाऊ मला एकदम बारा वर्षांचा वाटत होता. व्हरांड्यात दुसरीची पोरं परिपाठाच्या घंटेची वाट पाहत उभी होती. त्यांच्याकडे माझं लक्ष गेलं नाही. त्यांचं मात्र आमच्याकडे होतं.

या गोष्टीला आता पंधरा वर्षं झाली. आई माणदेशातल्या एका वस्तीवरच्या दोन शिक्षकी शाळेत शिकवायची. आमचं घर फलटणला. तिथून ती रोज एसटीनं यायची-जायची. दिवाळीच्या सुट्टीत तिला ताप आला, छातीत कफ झाला, आम्ही पुण्याच्या दवाखान्यात नेलं आणि सहाव्या दिवशी, लक्ष्मीपूजनाला, ती गेली. शाळा बंद होती, वस्ती लांब. पोरांना काही कळलं नव्हतं.

दहाव्याला मुख्याध्यापक खरात सर आले होते. पिंडदान झाल्यावर ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "हेमाताई, ही वेळ नाही, पण बोलतो. उद्या शाळा उघडतेय. शनिवारी केंद्रप्रमुख दुसरीची वाचनाची चाचणी घ्यायला येणार. बाईंचा हा शेवटचा वर्ग. त्यांच्या नावावर चांगला लागावा असं मला वाटतं. पोरांना आत्ता कळलं तर ती शनिवारी तोंड उघडायची नाहीत. मी एकटा चार वर्ग बघणार. तुम्ही दोन दिवस याल का? बाई पुण्याला विश्रांतीला गेल्यात असं सांगू. सोमवारी मी स्वतः त्यांना सगळं सांगेन."

"येते," मी म्हणाले.

मी इतक्या पटकन हो म्हणेन असं सरांना वाटलं नसावं. मावशी तर चिडलीच. "सुतकात कुठं निघालीस? तेरावं तरी होऊ दे." पण मला घरात बसवत नव्हतं. घरात सतत फोन वाजत होता, माणसं येत होती आणि प्रत्येक जण विचारत होता, कसं झालं? उदय सांगायचा. ताप, कफ, सहा दिवस, लक्ष्मीपूजन. शेवटी म्हणायचा, "ताई जवळ होती, तेवढंच समाधान." मी शेजारी बसून मान हलवायची. आई गेली, हे दोन शब्द मी तोवर कुणालाही म्हटले नव्हते. दवाखान्यातून उदयला फोन केला तेव्हाही नुसतं "लवकर ये" म्हणाले. बाकीचं त्याला नर्सनं सांगितलं.

सरांनी वर्गात येऊन माझी ओळख करून दिली. "या हेमाताई. तुमच्या बाईंची लेक. पुण्याला मोठ्या कॉलेजात शिकवतात. बाई त्यांच्याकडं विश्रांतीला गेल्यात. दोन दिवस ताई तुमचं वाचन घेतील. दंगा नको." आणि सर बाकीच्या तीन वर्गांकडे निघून गेले.

तेरा पोरं सतरंजीवर बसली होती. मी आईची शाळेची पिशवी उघडली. चित्रांची पुस्तकं, पट्ट्या, खडू, तळाशी तिचा चष्मा. पेन्सिल सापडेना म्हणून मी एकेक वस्तू टेबलावर काढून ठेवली.

"बाईंनी कुठपर्यंत वाचलंय?"

"बैलाचं पुस्तक," पुढच्या रांगेतली एक मुलगी उठून म्हणाली. दोन घट्ट वेण्या, नाकावर ओरखडा. तिचं नाव कार्तिकी. "शेवटचं पान ऱ्हायलंय. बाईंनी चिमटा लावलाय. दिवाळी झाल्यावर उघडू म्हणल्या."

पुस्तकाच्या शेवटच्या दोन पानांना खरंच कपडे वाळत घालायचा चिमटा लावलेला होता.

"कसं वाचता तुम्ही?"

"आदी चितर," कार्तिकी म्हणाली. "शब्दावर बाई पट्टी धरत्यात. चितर काय म्हणतंय ते आमी सांगायचं. मग पट्टी काढायची. मग शब्द काय म्हणत्यात ते. मग बाई इचारत्यात, दोघं एकच सांगत्यात का?"

"आणि खुणा," मागून बिरू म्हणाला. बिरूचे वडील मेंढ्या राखायचे.

"हां. काय बी सांगितलं की बाई म्हणत्यात, खूण दाखव. एका खुणेवर गोष्ट ठरवायची न्हाई. दोन तरी पाहिजेत."

मी आदलं पान काढलं. खाली छापलं होतं : 'आजोबा म्हणाले, बैल विकला ते बरं झालं. म्हातारा झाला होता.' वर चित्र होतं. आजोबा उंबऱ्यात बसलेले, हातात रिकामं दावं, शेजारी झाकलेलं ताट. सांगायला नको, तेरा पोरांनी मला तेरा वेळा सांगितलं की शब्द खोटं बोलतात.

मग मी चिमटा काढला. शेवटच्या पानावर शब्द नव्हतेच. रिकामा गोठा, आणि आजोबा गव्हाणीत वैरण टाकतायत.

मी तेव्हा अठरा वर्षं कॉलेजात शिकवत होते. मला गप्प बसता येत नव्हतं. मी पुस्तक उंच धरलं आणि सांगायला लागले की बघा, बैल गेला तरी आजोबांची सवय गेली नाही, माणूस प्रेम बोलून दाखवत नाही, कृतीतून दाखवतो, चित्रकारानं इथं शब्द का वापरले नाहीत त्याचाही विचार करा. दहा मिनिटं तरी मी बोलले असेन. थांबले तेव्हा वर्गात कुणीतरी जांभई दिली.

"बाई असं सांगून टाकत न्हाईत," कार्तिकी म्हणाली. रागानं नाही, माहिती म्हणून.

"मग काय करतात?"

"गप बसत्यात."

मी गप्प बसले. बाहेर पोषण आहाराच्या मावशी तांदूळ निवडत होत्या, त्यांच्या सुपाचा आवाज येत होता. मग बिरू म्हणाला, "वैरण टाकली की बैल असल्यागत वाटतंय."

"कुणाला?" सिद्धनाथनं विचारलं.

"आजोबास्नी. बैल कुटं बगाय येतोय?"

सगळी हसली. मी खिडकीबाहेर पाहिलं.

मधल्या सुट्टीत बिरूनं पेढे वाटले. त्याला भाऊ झाला होता. मला त्यानं सगळ्यांत मोठा पेढा दिला. मी तो कागदात गुंडाळून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "नंतर खाते." मावशींनी चहा आणून दिला, तो मी प्यायले. संध्याकाळी उदय न्यायला आला.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात पाय ठेवला तेव्हा पोरं घोळक्यानं कुजबुजत होती. मला पाहताच जागेवर गेली. जरा जास्तच शहाण्यासारखी. मी चाचणीचे नमुना प्रश्न फळ्यावर लिहायला घेतले.

"ताई, एक इचारू?" कार्तिकी उभी राहिली.

"विचार."

"बाई तुमच्याकडं गेल्यात ना पुण्याला?"

"हो."

"मग तुमी हितं कशा?"

खडू फळ्यावरच थांबला. सरांना आणि मला ही गोष्ट सुचलीच नव्हती. आम्ही दोघांनी मिळून खोटं तयार केलं होतं. त्यात मी एकाच वेळी पुण्यात आईची सेवा करत होते आणि इथं फळ्यावर लिहीत होते.

"घरी बाकीची माणसं आहेत," मी म्हणाले.

कार्तिकीनं मागं वळून बिरूकडे पाहिलं. बिरूनं मान हलवली. ठरलेलं होतं.

"आमी खुणा शोधल्यात," ती म्हणाली. "शब्द म्हणत्यात बाई इश्रांतीला गेल्यात. पर चितर तसं म्हणत न्हाई."

"कुठलं चित्र?"

"तुमचं."

मी खडू ठेवला.

"पैली खूण," बिरू उठला. "तुमच्या भावाचा गोटा केलाय."

"तिरुपतीला पन करत्यात," सिद्धनाथ बसल्या जागेवरून म्हणाला. तो बहुतेक विरुद्ध बाजूनं होता. "माज्या मामानं केलता."

"मग ह्यांनी लाडू आनला का? मामानं लाडू आनलाच असंल की. आन मिशी? तिरुपतीला मिशी बी काढत्यात व्हय?" बिरूनं विचारलं.

"जावळ असंल," कुणीतरी म्हणालं.

"येवड्या बाप्याचं जावळ!" सगळा वर्ग खदखदला. मलाही हसू आलं. ते मला अजून आठवतं. मी हसले.

"एका खुणेवर ठरवायचं न्हाई," कार्तिकी मोठ्यानं म्हणाली, तशी पोरं गप्प झाली. "दुसरी खूण. बिरूचा पेढा तुमी खाल्ला न्हाई. हितंच हाय अजून. बगा."

पेढा टेबलावर कागदात होता. त्याला मुंग्या लागल्या होत्या.

"ताईंना साखर असंल," सिद्धनाथ म्हणाला. "माज्या आज्याला हाय. त्यो गोड खात न्हाई."

"तुजा आजा चा कसला पितो?"

"बिनसाकरंचा."

"ताई काल चा प्याल्या. मावशींनी दोन चमचे साकर घातलेली म्या बगितली." तिनं माझ्याकडे पाहिलं. "आमचा चुलता वारला तवा आईनं बी तेरा दिस गोड खाल्लं न्हाई. पर चा पीत हुती."

"तिसरी बी हाय," ती म्हणाली. आता तिचा आवाज बारीक झाला होता. "त्यो चष्मा बाईंचा हाय. बाईंना चष्म्याबिगर वाचाय येत न्हाई. पुण्याला गेल्या तर त्यो हितं कसा?"

आई असती तर तिनं विचारलं असतं, मग दोघं एकच सांगतात का? मी गप्प बसून राहिले. पोरांना वाटलं असेल, ही पण बाईंसारखंच करतेय.

"सांगा की ताई," कार्तिकी म्हणाली.

"आई गेली," मी म्हणाले. मग लक्षात आलं, ती यांची आई नव्हे. "तुमच्या बाई गेल्या. दिवाळीत."

कार्तिकी खाली बसली. तिनं वादात बाजी मारली होती, पण तिचं तोंड रडवेलं झालं. "म्या म्हनलं, तुमी सांगाल आमचं चुकलंय म्हनून," ती म्हणाली. "बाई सांगत्यात कदी कदी. शोधा पुन्ना, म्हनत्यात."

मी पटकन हो का म्हणाले होते ते मला तेव्हा कळलं. पोरांच्या चाचणीशी त्याचा काही संबंध नव्हता. जगात एक खोली अशी उरली होती की जिथं तेरा माणसांच्या लेखी आई पुण्यात होती, पांघरूण घेऊन पडली होती, सोमवारी नाहीतर मंगळवारी येणार होती. मला त्या खोलीत दोन दिवस बसायचं होतं.

रडण्याचा आवाज ऐकून खरात सर दाराशी आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सांगितलंत?"

"त्यांनीच मला सांगितलं," मी म्हणाले.

सर चपला काढून आत आले आणि पोरांच्या बरोबरीनं सतरंजीवर बसले.

त्या चाचणीचं काय झालं ते इथंच सांगून टाकते. शनिवारी पोरांनी तोंड उघडलं. जरा जास्तच उघडलं. प्रत्येक उत्तरावर ती केंद्रप्रमुखांनाच विचारत होती, खूण दाखवू का? साहेबांनी निम्म्यातच चाचणी थांबवली आणि शेऱ्यात काय लिहावं ते खरात सरांनाच विचारलं. सरांनी काय सांगितलं ते मला कधी कळलं नाही.

तर त्या बुधवारी. हुंदके थोडे ओसरल्यावर बिरूनं विचारलं, "कंच्या दिवशी?"

"लक्ष्मीपूजनाला. दुपारी साडेतीनला."

पोरं विचारात पडली. मला वाटलं, आता दवाखान्याचं विचारतील. दुखत होतं का, वगैरे. पण सिद्धनाथ म्हणाला, "तवा मी किल्ल्यावर अळीव पेरत हुतो."

"मी शेरडं घिऊन वड्याला गेलते," दुसरी एक मुलगी म्हणाली.

"मी झोपलेलो."

"माजा फटाका पेटत नव्हता म्हनून मी रडत हुतो."

एकेकानं सांगितलं. कुणी करंज्यांत सारण भरत होतं, कुणाला आई न्हाऊ घालत होती, एकीला नव्या परकराचा नाडा बांधता येत नव्हता. कुणी घाईनं सांगितलं नाही. जणू ते सगळं एका ठिकाणी गोळा करून ठेवायचं काम त्यांच्यावर आलं होतं.

"मी आकाशकंदील लावत होतो," सर म्हणाले. "स्टुलावर उभा होतो. बायको खालून म्हणत होती, वाकडा झालाय."

"अन तुमी, ताई?" कार्तिकीनं विचारलं.

अकरा-बारा दिवसांत शंभर माणसांनी आईचं विचारलं होतं. हे कुणी विचारलं नव्हतं. विचारायची गरजच नव्हती. ताई जवळ होती. उदय तसं सांगत होता, कारण दवाखान्यात पोहोचल्यावर त्यानं "तू जवळ होतीस ना?" असं विचारलं आणि मी मान हलवली.

मला पुन्हा मान हलवता आली असती. पण समोर तेरा पोरं माझ्या तोंडाकडे पाहत होती आणि ती कशी पाहतात ते मला नुकतंच समजलं होतं.

"मी बाहेर होते," मी म्हणाले. "खोलीच्या बाहेर, बाकावर. आईला झोप लागली होती म्हणून मी बाहेर येऊन पुस्तक वाचत बसले. दोनच पानं वाचायची म्हणून बसले होते. मग पुढं वाचतच राहिले. नर्स बोलवायला आली तेव्हा..."

सरांनी मान खाली घातली.

"त्यात चितरं हुती?" बिरूनं विचारलं.

"नव्हती."

त्यानं मान डोलावली. त्याला माझं वाईट वाटलेलं दिसलं, पण नेमकं कशाचं ते मला सांगता येणार नाही.

चार वाजता उदय आला. पोरं दप्तरं घेऊन फाटकाशी गेली ती त्याच्याभोवतीच थांबली. मी पिशवी भरून बाहेर येईपर्यंत कार्तिकी त्याच्यासमोर उभी होती.

"बाई वारल्या तवा तुमी काय करत हुता?"

उदय माझ्याकडे पाहायला लागला. त्यालाही बारा दिवसांत कुणी हे विचारलं नव्हतं. तो सगळ्यांना आईचं सांगत होता.

"मी रस्त्यात होतो," तो हळूच म्हणाला. "पुण्याकडं येत होतो, ताईचा फोन यायच्या आधीच निघालो होतो. लोणंदच्या अलीकडं गाडी पंक्चर झाली. मी पंक्चरवाल्याशी भांडत होतो. दिवाळीचं दुकान बंद करून तो चालला होता. मी त्याला नाही नाही ते बोललो." त्यानं टोपी पुढं ओढली. "त्यानं काढून दिलं पंक्चर. मी त्याला नीट बोललोसुद्धा नाही."

"म्हंजे तुमी वाटंत हुता," कार्तिकीनं नीट समजून घेतलं. मग, सगळ्यांचं सांगून झालं तर हेही सांगायला हवं, अशा सुरात म्हणाली, "अन ताई भाईर बसून पुस्तक वाचत हुत्या."

उदयनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली नाही. नजर खाली घेतली नाही, एवढंच करता आलं.

"बस," तो म्हणाला.

मी मागं बसले. पिशवी मांडीवर घेतली. पोरं बाजूला झाली. वस्ती संपली, ज्वारीची रानं लागली, मग कालव्याचा पूल आला. उदय गाडी फार हळू चालवत होता. पूल ओलांडेपर्यंत तो काहीच बोलला नाही. मला वाटलं, आता घरापर्यंत असंच जाणार, आणि उद्या तेराव्याला माणसं येतील तेव्हा हा काय सांगणार?

पुलापलीकडं त्यानं मान किंचित मागं वळवली.

"चांगलं होतं का गं?"

"काय?"

"पुस्तक."

वारा इतका लागत होता की डोळ्यांत पाणी येणं साहजिक होतं.

"हो," मी म्हणाले. "फार चांगलं होतं."

"बरं," उदय म्हणाला, आणि त्यानं गाडीला वेग दिला.